कुतचे कैदी आणि दगडावरचा आकडा

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मेलेल्या आणि ज्यांची कबर किंवा दहनाची जागा कुणालाच ठाऊक नाही अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं स्मारक इराकमध्ये बसऱ्याला आहे. ते १९२९ साली उभं राहिलं. ब्रिटिश सैनिकांची नावं तिथे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. हिंदी शिपाई, नाईक आणि हवालदार यांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा आला. आमच्या घरातला एक माणूस त्या आकड्यात आहे. मी स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होतो, निवृत्त होऊन आता खेड तालुक्यातल्या आमच्या वाडीत राहतो. हा आकडा मला मान्य नाही, म्हणून हे लिहितो आहे.

बसऱ्याला उतरलेल्या त्या फौजेचं नावच सहावी पुणे डिव्हिजन. तिच्या तिन्ही पायदळ ब्रिगेडांत एकेक मराठा पलटण होती: १०३, ११० आणि ११७. यातली १०३ म्हणजे आजची जंगी पलटण. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतली शेतकऱ्यांची पोरं नोव्हेंबर १९१४ मध्ये तिथे उतरली, शैब्याला लढली, टायग्रिस नदीच्या काठाने वर सरकत बगदादच्या उंबरठ्यापर्यंत गेली. तिथे टेसिफोनच्या लढाईत फौजेची मोठी हानी झाली आणि तिचे सेनापती जनरल टाउनशेंड माघार घेऊन कुत-अल-अमारा या गावात शिरले. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी गावाला वेढा घातला.

वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आलं तेव्हा तोफखान्याचे घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. बहुतेक हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारलं. ताजा भाजीपाला नाही, मांस नाही. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, जखमा भरेनात. सुटकेसाठी खालून निघालेल्या फौजेचे वीस हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले, तरी ती कुतला पोहोचली नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी टाउनशेंड यांनी शरणागती पत्करली. शिपाई आणि बिनलढाऊ नोकर मिळून सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या हाती पडली. त्यांतली बहुसंख्य हिंदी होती.

पुढचं सगळं उन्हाळ्यात घडलं. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला. शिपायांना मात्र चालवत नेलं: बगदाद, तिक्रित, मोसुल आणि पुढे रास-अल-ऐनपर्यंत, वाळवंटातून. उपाशी अंगाने, फाटक्या बुटांनी किंवा अनवाणी. जो मागे पडला तो मागेच राहिला. जे पोहोचले त्यांना बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून अधिक कैदेत मेले. हिंदी कैद्यांतलेही हजारो परतले नाहीत, आणि त्यांतल्या कितीतरी जणांचं पुढे काय झालं याची नोंदच नाही.

कैद्याचं नाव नोंदवून त्याच्या सरकारला कळवावं, हा नियम तेव्हाही होता. १९०७ च्या हेग कराराने त्यासाठी माहिती कचेरी सक्तीची केली होती. जिनिव्हात रेडक्रॉसनेही १९१४ पासून कैद्यांच्या नावांची कार्डं ठेवायला घेतली होती. पण वाळवंटात रस्त्याकडेला पडलेल्या शिपायाचं कार्ड कोण भरणार? बंगालच्या अँब्युलन्स कोरमधले शिशिर सर्वाधिकारी याच कैदेतून वाचले आणि चाळीसेक वर्षांनी त्यांनी ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक लिहिलं, म्हणून आपल्याला हिंदी माणसाच्या नजरेतून ते दिवस दिसतात. आमच्या भागातल्या बहुतेक शिपायांना अक्षरओळख नव्हती.

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ १०३ मध्ये होते. घरात त्यांच्याबद्दल एवढंच बोललं जायचं की, ते बसऱ्याला गेले. ते मेल्याची तार आली नाही आणि जिवंत असल्याचं पत्रही नाही. पितृपक्षात त्यांचं पान वाढायचं की नाही, हा घरापुढचा खराखुरा प्रश्न होता. हत्याराने मेलेल्याचं श्राद्ध चतुर्दशीला, तिथी माहीत नसलेल्याचं सर्वपित्रीला. पण माणूस गेलाच आहे असं कोण म्हणणार? बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. मोठ्या आजीने बारा वर्षं कुंकू लावलं. पुतळ्याला अग्नी दिला तो १९२८ साली. त्याच्या पुढच्याच वर्षी बसऱ्याचं स्मारक उभं राहिलं आणि त्याच वर्षी जिनिव्हात युद्धकैद्यांचा पहिला स्वतंत्र करार झाला. आमच्या घरी दोन्हींपैकी कशाचीही खबर आली नाही.

युद्धानंतर इंग्रज सरकारने गावोगावी दगडी पाट्या लावल्या: या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. कोकणात आणि साताऱ्याकडे अशा पाट्या आजही सापडतात. त्यांच्यावरही आकडाच. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ च्या आपल्या अहवालात हा भेदभाव स्वतः मान्य केला आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. माफी योग्यच, पण नावं शोधण्याचं काम आपलं आहे.

नावाचा पाठपुरावा काय करू शकतो ते १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धातल्या बेपत्तांनी दाखवलं. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं विमान पाकिस्तानात पडलं. त्यांच्या पत्नी, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या दमयंती तांबे यांनी अनेक दशकं प्रत्येक दार ठोठावलं. २००७ साली इतर कुटुंबीयांबरोबर त्या पाकिस्तानातल्या तुरुंगांतही जाऊन आल्या. माणूस सापडला नाही. पण पाकिस्तानने हे कैदी आपल्याकडे नाहीत असं सांगूनही, दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या बदलतात तेव्हा भारत आपले बेपत्ता सैनिक परत मागतो. नातेवाईकांनी नावं जिवंत ठेवली म्हणून ही मागणी टिकली. कुतच्या कैद्यांसाठी असं मागणारं कुणी नव्हतं.

ते आता आपण करू शकतो. दगडावर नसलेली शिपायांची नावं आयोगाच्या नोंदवहीत आहेत, आणि ती नोंदवही इंटरनेटवर फुकट पाहता येते. बसरा स्मारक आणि पलटणीचा क्रमांक टाका, मग तालुका किंवा जिल्हा शोधा. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका दिलेला आहे. इंग्रजांनी कानाला ऐकू आलं तसं लिहिलं आहे, म्हणून गावाचं नाव मोठ्याने वाचून बघा, लगेच ओळखू येईल. आमच्या थोरल्या आजोबांचं नाव मला तसंच सापडलं. सापडलेली नावं ग्रामसभेत वाचून दाखवा, ठराव करा आणि गावातल्या जुन्या पाटीशेजारी मराठीत कोरून लावा. ज्या गावाने माणूस दिला, त्या गावात त्याचं नाव असलंच पाहिजे.