कुणाचा तरी लेक

म्हातारीशी माझं पहिलं भांडण झालं ते स्पेनच्या राजपुत्रावरून.

आयर्लंडच्या नैऋत्येला, केरी परगण्यात, डिंगल द्वीपकल्पाच्या पार टोकाशी डून खीन नावाचं गाव आहे. इंग्रजी नकाशात डनक्विन. गाव म्हणायचं ते चार घरं इथं, चार तिथं, दगडी बांधांची शेतं, एक चर्च, एक शाळा, एक पब आणि माणसांपेक्षा जास्त मेंढ्या. शेजारचं डनमोरचं टोक म्हणजे आयर्लंडच्या मुख्य भूमीचा पश्चिमेकडला शेवट. त्यापुढचं गाव अमेरिका, असं इथले लोक गमतीनं म्हणतात.

मी तेव्हा ट्रॅलीला नोकरीत होतो आणि सुटी मिळाली की इथं एका घरी उतरायचो. उन्हाळ्यात आयरिश भाषा शिकायला शहरातली पोरं येऊन राहतात, त्या घरांच्या मालकिणीला ‘बॅन अन टी’ म्हणतात, म्हणजे घरधनीण. ही माझी घरधनीण ऐंशीच्या घरातली. मला ‘अ विक’ अशी हाक मारायची. अ विक म्हणजे लेका.

तर राजपुत्र. चुलीत टर्फ, म्हणजे दलदलीतून विटांसारखी कापून वाळवलेली माती, सारता सारता ती म्हणाली, की इंग्लंडवर चालून गेलेल्या स्पॅनिश आरमाराचं जहाज इथं बुडालं, त्यात स्पेनच्या राजाचा लेक होता, आणि त्याला आपल्याच गावात पुरलाय. जहाज खरं होतं. १५८८ च्या सप्टेंबरात ‘सान्ता मारिया दे ला रोसा’ समोरच्या सामुद्रधुनीत बुडालं आणि एकच जण जिवंत किनाऱ्याला लागला. त्यानंच जबानीत सांगितलं, की जहाजावर आस्कोलीचा राजकुमार होता. पण तो राजकुमार त्याआधीच, फ्रान्सच्या कॅले बंदरात, आरमारापासून मागं राहिला होता. हे मी तिला जरा ऐटीतच ऐकवलं.

“मग तिथं कोण पुरलाय?”

मला काय ठाऊक.

“कुणाचा तरी लेक असेलच की,” म्हणाली आणि चहा ओतायला उठली.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. म्हातारी राजांबद्दल बोलली तर पुस्तकात बघून घ्यायचं. शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल बोलली तर मुकाट्यानं ऐकायचं.

शेजारी म्हणजे समोरचं बेट, ग्रेट ब्लास्केट. जवळच्या टोकापासून जेमतेम दोन किलोमीटर, पण मधलं पाणी लहरी. एके काळी तिथं दीडशेच्या वर माणसं होती. चर्च नाही, डॉक्टर नाही, पबसुद्धा नाही. प्रार्थनेला, बाजाराला, लग्नाला यायचं ते इथं, नेव्होगमधून. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर फासलेलं कापड ताणलं की झाली नेव्होग. चौघं ती उलटी करून डोक्यावर घेतात तेव्हा आठ पायांचा काळा भुंगा चढ चढतोय असं वाटतं. बेटावर मेलेलं माणूसही बहुधा याच होडीतून यायचं आणि डून खीनच्या धक्क्यावरच्या नागमोडी, छाती फुटेल अशा वाटेनं खांद्यावरून वर. कुणाची पेटी किती जड होती ते म्हातारीच्या वडिलांना शेवटपर्यंत आठवत होतं म्हणे.

बेटावरची नावाजलेली गोष्टी सांगणारी पेग सेयर्स मूळची डून खीनचीच, १८७३ ची. अमेरिकेला गेलेली मैत्रीण भाड्याचे पैसे धाडणार होती. ते आले नाहीत आणि पेग लग्न करून बेटावर गेली. तिला आयरिश लिहिता येत नसे. तिनं सांगितलं, मुलानं उतरवून घेतलं आणि १९३६ साली पुस्तक निघालं. पुढं ते शाळेत नेमलं गेलं नि पिढ्यान्‌पिढ्यांच्या आयरिश पोरांनी त्या बाईच्या नावानं बोटं मोडली. १९४२ साली पेग परत इथं राहायला आली. म्हातारीनं लहानपणी तिला पाहिलंय, चिलीम ओढताना. “पुस्तकात रडते रे नुसती! तोंडानं सांगायची तेव्हा माणसं हसून लोळायची.” मी पुस्तक अर्ध्यात टाकलं होतं. तसं तिला सांगितलं नाही.

बेट कसं रिकामं झालं ते मात्र ती हसत सांगत नसे. तरणी माणसं आधीच अमेरिकेत, बरीचशी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला. १९४७ च्या सुरुवातीला चोवीस वर्षांचा एक तरुण मेंदूज्वरानं गेला. वादळामुळं डॉक्टर पोचलाच नाही. त्याच वसंतात बेटकऱ्यांनी पंतप्रधान डी व्हॅलेरांना तार केली, की वादळानं कोंडलोय, खायला काही नाही. तरीही सरकारला सहा वर्षं लागली. १९५३ च्या नोव्हेंबरात उरलेली बावीसेक माणसं उतरवायला सुरुवात झाली. त्यांतल्या काहींना डून खीनमध्येच घरं बांधून दिली, बेट दिसेल अशी. म्हातारी तेव्हा आठ वर्षांची. नव्या शेजारणी भांडी घासताना खिडकीतून काय बघतात म्हणून ती आईला विचारायची. आई म्हणायची, आपलं काम कर.

आणि मग सिनेमा आला. १९६९ साली डेव्हिड लीननं ‘रायन्स डॉटर’साठी गावावरच्या माळावर अख्खं खेडं उभं केलं, खऱ्या दगडाचं. जरा लांब, कड्याशी, नायिकेच्या नवऱ्याची शाळा. माझी घरधनीण टोपली घेऊन गर्दीत उभी राहिली आणि तिला आयुष्यातली पहिली रोख मजुरी मिळाली. ज्या चुलीशी आम्ही बसायचो ती त्याच पैशातली. चित्रीकरण संपल्यावर खेडं पाडून टाकलं. शाळेच्या भिंती तेवढ्या राहिल्या. मी गेलो तेव्हा आत दोन मेंढ्या पावसाला चुकवून उभ्या होत्या.

त्याच सुमारास, १९७० साली, सरकारनं गावातली खरी शाळा बंद केली. पोरं कमी, तेव्हा शेजारच्या बॅलिफेरिटरला जा. पण आयरिश बोलणाऱ्या गावाची शाळा गेली की भाषा किती टिकते हे गावाला कुणी शिकवायला नको होतं. लोकांनी शाळा स्वतःच चालू ठेवली, मोर्चे काढले. १९७३ साली सरकार बदललं आणि शाळा पुन्हा अधिकृतपणे उघडली. ती अजून भरते.

म्हातारीचा धाकटा भाऊ त्या बंद शाळेत जायचा. आता सत्तरीकडे झुकलाय. एकदा पबमध्ये त्याला विचारलं, तू तेव्हा कितवीत होतास?

“सरकारी कागदात? कुठंच नव्हतो,” तो म्हणाला. मग पेला ठेवून त्यानं मला त्या वर्षी पाठ केलेले आयरिश पाढे म्हणून दाखवले. सातावर अडखळला. बारमागच्या पोरीनं पुढचा आकडा सांगितला.