पोलिश क्रियापदातील आघात : एका अपुऱ्या विलीनीकरणाचा इतिहास

पोलिश भाषेत आघात सामान्यतः शब्दाच्या उपान्त्य अक्षरावर पडतो. क्रियापदांची काही दीर्घ रूपे मात्र या नियमात बसत नाहीत. ‘पिसालिश्मी’ (आम्ही लिहिले) या रूपाची अक्षरे पि-सा-लि-श्मी अशी पडतात. नियमाने आघात ‘लि’वर हवा, प्रमाण उच्चारात तो ‘सा’वर असतो. ‘पिसालिबिश्मी’ (आम्ही लिहिले असते) या संकेतार्थी रूपात पाच अक्षरे असूनही आघात ‘सा’वरच, म्हणजे शेवटून चौथ्या स्थानी राहतो.

याचे कारण शब्दाच्या घडणीत आहे. ‘पिसाली’ हे मूळचे कृदन्त. ‘श्मी’ हा ‘असणे’ या अर्थाच्या सहायक क्रियापदाचा झिजलेला अवशेष. ‘बि’देखील त्याच क्रियापदाच्या एका जुन्या भूतकालीन रूपातून आलेला. आघाताची मोजणी कृदन्तापाशी थांबते, मागून चिकटलेली पदे तिच्या बाहेर राहतात. ‘मीश्मी पिसाली’ असेही म्हणता येते. तेथे ‘श्मी’ क्रियापद सोडून सर्वनामाला बिलगतो. अस्सल प्रत्यय असा हिंडत नाही. मराठीत ‘आलो आहे’चे ‘आलोय’ होताना हीच प्रक्रिया सुरू झालेली दिसते. (दोन्ही भाषांच्या भूतकृदन्तांतील ‘ल’ मात्र भिन्न उगमांचा आहे, त्या साम्यावर तुलनेची इमारत उभारू नये.)

एकवचनात विलीनीकरण पुढे गेले आहे. ‘पिसाऊ’ (त्याने लिहिले) येथे आघात ‘पि’वर, तर ‘पिसावेम’ (मी लिहिले) येथे तो ‘सा’वर सरकतो, सहायकाचा अवशेष येथे मोजणीत आला. आज बोलीत अनेकजण ‘पिसालिश्मी’तील ‘लि’वर आघात देतात, तेव्हा अनेकवचन एकवचनाच्याच वाटेने निघालेले असते. शालेय व्याकरणाने या उच्चाराला अशुद्ध ठरवले, ते इतिहासाकडे पाठ फिरवून, असे म्हणावे लागते. अनौपचारिक बोलण्यात तो आता बराच स्वीकारला गेला आहे.

काव्यात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. यान कोखानोव्स्की (१५३०–१५८४) यांनी स्थिरावलेल्या अक्षरगणनिष्ठ पद्यात चरणान्ती उपान्त्य आघात अपेक्षित असतो. मित्स्कियेविच यांच्या ‘पान तादेऊश’चा (१८३४) तेरा अक्षरी चरणही, सात अक्षरांनंतर यती घेणारा, याच परंपरेतला. अशा चरणाच्या शेवटी ‘पिसालिश्मी’सारखे रूप आले, तर प्रमाण उच्चार पाळून लय मोडावी लागते, किंवा लय राखून प्रमाण उच्चार सोडावा लागतो. अक्षरसंख्या दोन्ही वाचनांत सारखीच राहत असल्याने, केवळ अक्षरे मोजणाऱ्या अभ्यासकाला हा पेच जाणवतही नाही.