माळा, कोठी आणि मागील दार

रायगडच्या किनाऱ्यावर जुने घर विकायला काढले की पहिला खर्च ओटीवर होतो. भिंतींना रंग, झोपाळ्याच्या कड्यांना पॉलिश, अंगणात कुंड्या. अलिबाग-चौलपासून दिवेआगर-श्रीवर्धनपर्यंत सर्रास हेच चालते, आणि हा क्रम उलटा आहे. घराची प्रकृती ओटीवर कळत नाही. ती माळ्यावर, कोठीच्या खोलीत, न्हाणीत आणि गोठ्यात कळते. या जागा सजवायच्या नसतात, तपासता येतील अशा करायच्या असतात.

आधी गिऱ्हाईक कोण ते पाहू. मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि शनिवार-रविवारपुरते घर शोधणाऱ्या मुंबईकराला हा किनारा आणखी जवळ आला. त्याचे घर आठवड्यातले पाच दिवस बंद राहणार. मूळ मालकाच्या काळी दारे दिवसभर उघडी असत, चूल पेटती असे, धूर माळ्यापर्यंत जाई. त्या धुराने वासे काळे पडले, पण कोरडे राहून टिकलेही. बंद घरात ही व्यवस्थाच थांबते. ओल, कुबट वास आणि कीड हा पूर्वी कोठीपुरता प्रश्न होता, नव्या मालकाला तो सबंध घराचा होतो. जाणते गिऱ्हाईक म्हणूनच कोठीचे दार उघडून आधी वास घेते.

विवेचनासाठी या जागांचे तीन वर्ग करू: कोरड्या, ओल्या आणि बाहेरच्या. कोरड्यांत माळा, कोठी, भिंतीतली फडताळे येतात, आणि खरे काम इथेच आहे.

माळा रिकामा करायचा, पण एका झटक्यात नाही. पत्र्याच्या ट्रंकांत जुन्या पावत्या, मोडीतली बाडे, एखादे वाटणीपत्र निघते. त्यातला कागद न कागद वाचून घ्यावा. भंगारवाल्याला दिलेला कागद परत मिळत नाही, आणि मालकीची साखळी जुळवताना नेमका तोच लागतो. पितळेची पिंपे, पाळणा, समया यांचीही वाटणी आधी व्हावी. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा आहे, तरी माळा आवरताना बहिणींना बोलावण्याची आठवण अनेक घरांत होत नाही.

रिकाम्या माळ्यावर लाकूड वाचता येते. वाशावर मातीची बारीक नळी दिसली तर ती पुसून टाकू नये. बोटभर तोडावी आणि काही दिवसांनी पाहावे: पुन्हा बांधली गेली असेल तर वाळवी जिवंत आहे. तुळईच्या भिंतीत शिरलेल्या टोकावर पेचकसाच्या मुठीने ठोकावे. भरीव लाकूड टणक वाजते, पोखरलेले बद्द वाजते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात या पट्ट्यात हजारो घरांची कौले उडाली. नंतर मिळेल ते कौल बसवलेल्या छपरांत जुन्या-नव्या कौलांच्या खाचा जुळत नाहीत आणि गळती तिथूनच लागते. गिऱ्हाईक हे विचारणारच. दुरुस्तीची बिले काढून ठेवावीत. वाशाला टांगलेली पांढऱ्या कांद्याची माळ मात्र राहू द्या. कांदा तिथे टिकला म्हणजे वारा खेळतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

कोठीच्या भिंतीला बहुधा लोणा लागलेला असतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते, सोबत क्षार आणते. पाणी उडते, क्षार उरतात आणि पावसाळ्यातल्या दमट हवेतून पुन्हा ओल शोषतात. त्यावर प्लास्टिक रंग चढवला तर ओल आत कोंडते आणि एका पावसात फुगे धरते. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी ओलीला बाहेर पडू देते. ओल कुठली ते ओळखायला भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा: थेंब आतल्या अंगाला आले तर ओल भिंतीची, बाहेर आले तर हवेची.

झाकपाक कायद्यालाही मान्य नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 नुसार विक्रेत्याला ठाऊक असलेला, पण खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष, विरुद्ध करार नसेल तर, विक्रेत्याने सांगायलाच हवा. रंगाखाली दडवलेली वाळवी यात सहज बसते.

ओल्या जागांचे थोडक्यात. न्हाणी-मोरीचा उतार पाणी ओतून दाखवता यावा. विहीर उपसावी आणि पाण्याचा नमुना मे महिन्यात तपासावा. ऑगस्टमधल्या गोड पाण्याचा अहवाल किनाऱ्यावर कुणी खरा मानू नये. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकातली स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर 2000. विहीर भाऊबंदांत सामाईक असेल तर पहिल्याच भेटीत सांगावे.

बाहेरच्या जागा, म्हणजे गोठा, लाकडांची खोपी, पंपघर, कागदावर आधी तपासाव्या. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये गोठ्याची नोंद आहे का, ते पाहावे. ती आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. किंमत वाढेल म्हणून गोठ्याची पाहुण्यांची खोली करण्याचा मोह आवरावा. किनारी नियमन क्षेत्रातले विनापरवाना वाढीव बांधकाम गिऱ्हाईकाच्या वकिलाला आयतीच हरकत पुरवते.

शेवटी सामान. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्याच कलम 8 प्रमाणे वेगळे ठरले नसेल तर घराबरोबर कुलपे, किल्ल्या, दारे, खिडक्या आणि कायम वापरासाठी बसवलेल्या वस्तू जातात. सुटे जाते तुमचे राहील. भिंतीतले फडताळ आणि मागील पडवीच्या जमिनीत पुरलेले उखळ घराबरोबर जाईल. ते घरात कुणाला हवे असेल, तर साठेखतावर सही करण्याआधी त्यात तसे लिहून घ्या.