अल्प आयुष्य आणि अखंड आशा : पंडिता रमाबाई, मनोरमाबाई आणि गुलबर्गा



दिवंगतांच्या स्मरणार्थ आपण एकत्र येतो तेव्हा आयुष्याच्या अल्पत्वाचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आपल्या सीमाभागात तर तो पावलोपावली भेटतो. गुलबर्ग्याचे हफ्त गुंबज आणि बिदरनजीक अष्टूर येथील बहमनी सुलतानांच्या कबरी त्याची साक्ष देतात. महमूद गावानने बिदरला १४७२ मध्ये मदरसा उभारला आणि १४८१ मध्ये, अवघ्या नऊ वर्षांत, सुलतानाच्याच आज्ञेने त्याचा वध झाला. मग उद्याची शाश्वती नसताना माणूस शाळेसारखी दीर्घ मुदतीची कामे कशाच्या बळावर आरंभतो? या प्रश्नाला ख्रिस्ती श्रद्धेने दिलेले एक उत्तर याच भूमीशी निगडित आहे. ते आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे, म्हणजे आजच्या कर्नाटकातच, झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस आणि कन्येस संस्कृत शिकविले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी पायी फिरत असे. दुष्काळाने त्याची वाताहत केली. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. १८८० मध्ये बंधू श्रीनिवास निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंचा बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. परंतु १८८२ च्या आरंभी पटकीने तेही गेले. वयाची चोवीस वर्षे पुरी होण्याआधीच रमाबाईंचे माहेर आणि संसार दोन्ही लयास गेले होते. उरली होती ती तान्ही मनोरमा.

१८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्या निर्णयावर महाराष्ट्रात पुष्कळ वाद माजला. तेथील ख्रिस्ती भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांची जी शुश्रूषा करीत, ती पाहून आपले मन पालटू लागले, असे रमाबाईंनी आत्मनिवेदनात सांगितले आहे. मृत्यू हा शेवट नाही, ख्रिस्ताच्या पुनरुत्थानात मानवाच्या पुनरुत्थानाची हमी आहे, ही या श्रद्धेची मूळ धारणा होय. यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ज्याची दृष्टी परलोकाकडे लागली, तो इहलोकाकडे पाठ फिरवील, असा तो आक्षेप. इतिहासाच्या अभ्यासकाने तो चरित्राच्या कसोटीवर पारखून घ्यावा.

रमाबाईंच्या बाबतीत काय दिसते? १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि अनाथ मुली व विधवा यांना घेऊन परतल्या. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळपीडितही केडगावच्या मुक्ती सदनात आल्या. दुष्काळात ज्यांनी स्वतःच्या माणसांचे मृत्यू पाहिले, त्यांनी इतरांच्या मुली वाचविल्या. त्या मुलींना अन्नाबरोबर अक्षर दिले आणि शेती, विणकाम, छपाई असे उद्योगही शिकविले. परलोकाच्या आशेने येथे इहलोकाचे ओझे उचललेले दिसते.

पुण्याहून केडगाव, दौंड, सोलापूर करीत जाणारा लोहमार्ग पुढे गुलबर्ग्यास पोहोचतो. त्या काळी गुलबर्गा निजामाच्या राज्यात होते. राज्यकारभार उर्दूत चाले आणि लोकव्यवहारात कन्नड, मराठी, तेलुगू, उर्दू अशा भाषा नांदत. शिक्षणाच्या दृष्टीने मागे राहिलेल्या या जिल्ह्यात रमाबाईंनी १९१२-१३ च्या सुमारास ख्रिस्ती हायस्कूल सुरू केले आणि त्याची धुरा मनोरमाबाईंच्या हाती दिली. केडगावचा एवढा मोठा पसारा असताना, पन्नाशी उलटून गेल्यावर, दुसऱ्या राज्यात नवी शाळा काढणे हे आयुष्याचा हिशेब करणाऱ्याचे काम नव्हे. शाळेचे फळ पिढीनंतर येते आणि लावणारा ते पाहीलच असे नाही.

पुढे प्रकृती ढासळू लागली तेव्हा रमाबाईंनी मुक्ती सदनाचा वारसाही मनोरमाबाईंकडेच सोपविण्याचे ठरविले. ती योजना तडीस गेली नाही. २४ जुलै १९२१ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाईंचे निधन झाले. ज्या तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई वैधव्यातून उभ्या राहिल्या होत्या, तिचाच मृत्यू त्यांना पाहावा लागला.

येथे मला अपेक्षा आणि आशा यांत भेद करावासा वाटतो. अपेक्षा व्यक्तीला आणि मुदतीला बांधलेली असते. कन्या वारसा चालवील, ही रमाबाईंची अपेक्षा होती आणि ती समूळ तुटली. तथापि त्यांचे काम थांबले नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत भाषांतर करण्याचे कार्य त्यांनी सुमारे अठरा वर्षे चालविले होते. मानवी आयुष्याला सकाळी उगवून सायंकाळी सुकणाऱ्या गवताची उपमा देणारे स्तोत्रही त्याच ग्रंथात आहे. कन्येच्या मागे उरलेले महिने त्यांनी याच कामास दिले. अखेरची मुद्रिते त्यांनी मृत्यूपूर्वी तपासून हातावेगळी केली, असे चरित्रकार नोंदवितात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला; तो त्यांनी पाहिला नाही.

श्रद्धेने रमाबाईंचा शोक टळला असे मी म्हणणार नाही. ती श्रद्धा सर्वांनी स्वीकारावी, असाही माझा आग्रह नाही. इतिहास एवढेच दाखवितो की तिच्या आधाराने एका शोकाकुल मातेने हाती घेतलेले काम पुरे केले.

१९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, १९५६ मध्ये जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या आणि २०१४ पासून गुलबर्गा कलबुर्गी झाले. राज्ये आणि नावे पालटली, तरी आपण पाहू शकणार नाही अशा पिढीसाठी वर्ग उघडण्याचे प्रयोजन पालटलेले नाही. प्रत्येक शिक्षक नकळत तेच करीत असतो. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांचेही ऋण याच जातीचे आहे. आणि ते पुढच्या पिढीला देऊनच फेडता येते.