आर्क्टिकच्या पर्वतराजीत स्नोमोबाईलवरून एक दिवस

कवठे महांकाळ - सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील हा तालुका पर्जन्यछायेत येतो. येथील वार्षिक पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. या दुष्काळी पट्ट्यातील वाचकाला एक गोष्ट सांगितली, तर तिच्यावर चटकन विश्वास बसणार नाही. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगयिअरब्येन या गावी वर्षभरात जो बर्फ आणि पाऊस पडतो, त्याचे पाणी करून मोजले तर ते जेमतेम दोनशे मिलिमीटर भरते. म्हणजे कवठे महांकाळच्या निम्म्याहूनही कमी. शास्त्रज्ञ या प्रदेशाला शीत वाळवंट म्हणतात. तरीही तेथे सर्वत्र पांढरेशुभ्र दिसते, कारण वर्षातील सात-आठ महिने पडलेला बर्फ वितळतच नाही. या बर्फावरून पर्वतांच्या कुशीत दिवसभर स्नोमोबाईल चालविण्याची सहल अलीकडे भारतीय पर्यटकांनाही खुणावू लागली आहे. ही सहल नेमकी कशी असते, तिच्यासाठी काय तयारी लागते आणि तीत धोके कोणते, याची ही माहिती.

स्वालबार्ड कोठे आहे?

स्वालबार्ड हा नॉर्वेच्या सार्वभौमत्वाखालील द्वीपसमूह असून तो नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर वसला आहे. कवठे महांकाळ १७ अंश उत्तर अक्षांशावर, तर लाँगयिअरब्येन ७८ अंशांवर. द्वीपसमूहाचे क्षेत्रफळ सुमारे ६१ हजार चौरस किलोमीटर असून त्यातील जवळपास ६० टक्के भूभाग हिमनद्यांनी व्यापलेला आहे. जॉन मन्रो लाँगयिअर या अमेरिकन उद्योजकाने १९०६ मध्ये कोळशाच्या खाणीसाठी वसविलेल्या या गावाची लोकसंख्या आज अडीच हजारांच्या घरात आहे. तेथील शेवटची नॉर्वेजियन कोळसा खाण २०२५ मध्ये बंद झाली. आता गावाचा चरितार्थ प्रामुख्याने पर्यटन, संशोधन आणि शिक्षण यांवर चालतो.

गावाबाहेर रस्तेच नाहीत. त्यामुळे हिवाळ्यात एका वस्तीहून दुसऱ्या वस्तीला जायचे, तर स्नोमोबाईल हेच मुख्य साधन. आपल्याकडे वाडीवस्तीवर मोटारसायकलचे जे स्थान, तेच तेथे स्नोमोबाईलचे.

वाहन कसे असते?

पुढे दिशा देणाऱ्या दोन पट्ट्या, म्हणजेच स्की आणि मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा, अशी स्नोमोबाईलची रचना असते. कॅनडातील क्युबेक प्रांतातील जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांनी १९५९ मध्ये 'स्की-डू' हे हलके वाहन बाजारात आणले आणि तेव्हापासून बर्फाळ प्रदेशातील दळणवळणाचे रूप पालटले. गिअर बदलण्याची भानगड या वाहनात नसते. उजव्या मुठीवरील तरफ अंगठ्याने दाबली की वाहन पुढे जाते, डाव्या मुठीवर ब्रेक असतो. मुठी आतून तापविण्याची सोय असते. चालकाच्या अंगाला जोडलेली एक दोरी इंजिनच्या कळीत अडकविलेली असते. चालक खाली पडला की दोरी सुटते आणि इंजिन आपोआप बंद पडते. ही दोरी अडकविल्याखेरीज निघू नये, हा पहिला धडा होय.

योग्य काळ

फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या सुरवातीपर्यंतचा काळ या सहलीसाठी योग्य मानला जातो. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य उगवतच नाही. भोवतालच्या डोंगरांमुळे लाँगयिअरब्येन गावात पहिले ऊन पोचते ते ८ मार्चच्या सुमारास आणि त्यानिमित्त गावकरी आठवडाभर उत्सव साजरा करतात. २० एप्रिलच्या सुमारास सूर्य मावळण्याचे थांबतो, तो थेट ऑगस्टच्या उत्तरार्धात मावळतो. मार्च आणि एप्रिल या दोन महिन्यांत उजेड आणि बर्फ दोन्ही मुबलक असल्याने पर्यटकांची गर्दी तेव्हाच होते.

कागदपत्रे आणि परवाना

स्वालबार्डची कायदेशीर स्थिती जगावेगळी आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिस येथे झालेल्या कराराने नॉर्वेला तेथील सार्वभौमत्व मिळाले. मात्र करारातील सर्व देशांच्या नागरिकांना तेथे समान हक्क देण्यात आले. ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारतही या कराराच्या मूळ स्वाक्षरीकर्त्यांत होता. स्वालबार्डला जाण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. परंतु विमान नॉर्वेमार्गेच जात असल्याने भारतीयांना शेंगेन व्हिसा घ्यावाच लागतो. स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर असल्याने परतताना पुन्हा प्रवेश करावा लागतो. म्हणून एकदाच प्रवेशाची मुभा देणारा व्हिसा चालत नाही, दोन किंवा अधिक प्रवेशांचाच व्हिसा मागावा. ऑस्लोहून लाँगयिअरब्येनचा विमानप्रवास सुमारे तीन तासांचा आहे.

स्नोमोबाईल चालविण्यासाठी वाहन चालविण्याचा वैध परवाना लागतो. मूळ परवाना जवळ नसेल तर आयोजक वाहन हाती देत नाहीत. तेव्हा तो सोबत ठेवावा आणि निघण्यापूर्वी आपल्याकडील परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवानाही काढून घ्यावा. परवाना नसलेल्यांना मागील आसनावर बसता येते. मद्यप्राशन करून वाहन चालविणे हा मोटारीप्रमाणेच येथेही गुन्हा आहे.

दिवसाचा क्रम

सकाळी आठ-नऊच्या सुमारास वाटाड्या पर्यटकांना आयोजकाच्या कार्यालयात एकत्र करतो. तेथे जाड एकसंध पोशाख, बूट, हातमोजे, हेल्मेट आणि बर्फात वापरायचा गॉगल मिळतो. आतील कपडे मात्र स्वतःचे लागतात. येथे आपल्याकडील सवय बाजूला ठेवावी लागते. सुती कपडे घाम शोषून ओलेच राहतात आणि अंगातील ऊब हिरावून घेतात. म्हणून अंगालगत लोकरीचे कपडे घालावेत. आपली परिचित माकडटोपी हेल्मेटच्या आत उत्तम कामी येते. कानातील डूल, नथ, मंगळसूत्र असे धातूचे दागिने त्वचेला चिकटून थंडी पोचवितात. ते हॉटेलातच ठेवून जाणे शहाणपणाचे.

त्यानंतर वाहनाची माहिती आणि हातांच्या खुणा शिकविल्या जातात. वाटाड्याने हात वर केला की थांबायचे आणि हीच खूण मागच्यासाठी पुढे चालवायची. सर्व वाहने एकामागोमाग एक, ठराविक अंतर राखून जातात. पुढच्याला मागे टाकणे, वाटाड्याच्या चाकोरीतून बाहेर जाणे याला सक्त मनाई असते. उतारावर आडवे जाताना शरीराचा भार डोंगराच्या बाजूला झुकवावा लागतो, अन्यथा वाहन कलंडते. अडीच-तीनशे किलोंचे हे धूड पायावर आले तर हाड मोडते. म्हणून वाहन कलंडू लागल्यास पायाने टेकू देण्याचा प्रयत्न करू नये, बाजूला उडी घ्यावी, असे बजावले जाते.

एका दिवसाचे मार्ग अनेक आहेत. अ‍ॅडव्हेंटडालेन आणि सासेनडालेन या रुंद दऱ्यांतून पूर्व किनाऱ्यावरील मोनबुक्ता उपसागरापर्यंत जाऊन येण्यास दीडशे ते दोनशे किलोमीटरचा पल्ला पडतो. तेथे हिमनदीची भिंत थेट समुद्राला भिडते. पश्चिमेकडे बारेन्ट्सबुर्ग ही रशियन खाणवस्ती साधारण ६० किलोमीटरवर आहे. मात्र २०२२ मध्ये युक्रेन युद्धास तोंड फुटल्यानंतर अनेक आयोजकांनी तेथील सहली थांबविल्या. नवशिक्यांनी आणि कंबरदुखी असलेल्यांनी तीन-चार तासांची लहान सहल निवडावी. दिवसभर धक्के खात वाहन चालविणे हे सुखासीन पर्यटन नव्हे. गर्भवती महिलांनी ही सहल टाळावी.

दुपारचे जेवण उघड्यावरच होते. सुकविलेल्या अन्नाच्या पाकिटात उकळते पाणी ओतायचे, काही मिनिटे थांबायचे आणि चमच्याने खायचे. सोबतीला बिस्किटे आणि काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या फळाचे गरम सरबत. शाकाहारी पाकिटे मिळतात. पण त्याची कल्पना नोंदणी करतानाच द्यावी लागते.

थंडी, हिमप्रपात आणि अस्वल

या सहलीतील धोके तीन. पहिला थंडीचा. तापमान उणे १५ अंश असेल आणि वाहन ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे २९ अंशांसारखे जाणवते. नाक, गाल, कानाच्या पाळ्या आधी पांढऱ्या पडतात आणि बधिर होतात. हीच हिमदंशाची सुरवात. तो माणसाला स्वतःला कळत नाही, म्हणून दर थांब्यावर सहप्रवाशांनी एकमेकांचे चेहरे पाहण्याची पद्धत आहे.

दुसरा धोका हिमप्रपाताचा आणि तो सर्वांत गंभीर. १९ डिसेंबर २०१५ रोजी लाँगयिअरब्येन गावातील घरांवरच हिमकडा कोसळून दोघांचा बळी गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रिट्यॉव्ह हिमनदीवर वाटाड्यासह गेलेल्या स्नोमोबाईल सहलीतील दोन जर्मन पर्यटक हिमप्रपातात मृत्युमुखी पडले. वाटाड्या सोबत आहे म्हणजे सर्व काही सुरक्षित, असे समजणे म्हणूनच चुकीचे आहे. तीस अंश किंवा त्याहून तीव्र उताराखाली कधीही थांबू नये, धोक्याचा टप्पा एकेकाने ओलांडावा. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटे निर्णायक असतात. इतक्या वेळात बाहेरची मदत पोचणे अशक्यच. सोबतच्यांनीच शोधून खणून काढावे लागते. नोंदणीपूर्वी आयोजकाला तीन प्रश्न अवश्य विचारावेत. प्रत्येकाला शोधसंकेत देणारे यंत्र मिळणार का? वाटाड्याचे हिमप्रपातविषयक प्रशिक्षण झाले आहे का? हवामान बिघडल्यास सहल रद्द करून पैसे परत मिळतात का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर तो आयोजक निसर्गापुढे हट्ट करणार नाही, असे मानण्यास जागा आहे.

तिसरा धोका ध्रुवीय अस्वलाचा. वस्तीबाहेर अस्वलाला पिटाळण्याचे साधन जवळ असणे बंधनकारक आहे आणि वाटाडे रायफल व दारूकामाची पिस्तुले बाळगतात. ऑगस्ट २०२० मध्ये लाँगयिअरब्येनजवळच्या तंबूतळावर अस्वलाच्या हल्ल्यात एकाचा मृत्यू झाला होता. परंतु अस्वलालाही माणसापासून संरक्षण आहे. १९७३ पासून त्याच्या शिकारीवर बंदी असून १ जानेवारी २०२५ पासून नियम अधिक कडक झाले आहेत. १ मार्च ते ३० जून या काळात अस्वलापासून किमान ५०० मीटर आणि एरवी ३०० मीटर अंतर राखावे लागते. काही निवडक फ्योर्डमधील गोठलेल्या समुद्रावर १ मार्चनंतर मोटारवाहनांना निर्बंध आहेत, कारण तेथे सील पिलांना जन्म देतात. बर्फ नसलेल्या जमिनीवर वाहन नेणे तर पूर्णतः निषिद्ध. तेथील शेवाळ आणि खुरटी झुडपे एकदा चिरडली की पुन्हा रुजण्यास कित्येक वर्षे लागतात.

गावाबाहेर मोबाईलला संपर्क मिळत नाही. वाटाड्याकडे उपग्रह दूरध्वनी असतो. गावातील रुग्णालय लहान असून गंभीर रुग्णाला विमानाने ट्रॉम्सोला हलवावे लागते. शोध आणि सुटकेचा खर्च समाविष्ट असलेला विमा नसेल, तर हा भुर्दंड कुटुंबाला झेपणारा नसतो.

भारताशी नाते

हा प्रदेश आपल्याला वाटतो तितका परका नाही. लाँगयिअरब्येनच्या वायव्येस न्यू-ओलेसुंड येथे भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र १ जुलै २००८ पासून कार्यरत आहे. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे त्याची धुरा आहे. भारताची पहिली आर्क्टिक मोहीम २००७ मध्ये गेली. डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी ध्रुवीय रात्रीच्या अंधारात पहिली हिवाळी मोहीम सुरू केली. आर्क्टिकमधील समुद्रबर्फ घटणे आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये होणारी अतिवृष्टी यांचा संबंध असू शकतो, असे याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडले. कवठे महांकाळ, तासगाव, जतचा बहुतांश पाऊस परतीच्या काळातलाच. त्यावर रब्बीची ज्वारी उभी राहते आणि तोच लांबला तर द्राक्षबागांची फळछाटणी कोलमडते. त्या दृष्टीने तेथील बर्फ हा येथील शेतकऱ्याच्याही काळजीचा विषय ठरतो.

लाँगयिअरब्येनजवळच डोंगराच्या पोटात फेब्रुवारी २००८ मध्ये सुरू झालेले जागतिक बियाणे कोठार आहे. हरिपूरच्या हळदीच्या पेवांची आठवण करून देणाऱ्या या कोठारात उणे १८ अंशांत बियाणे जतन केले जाते. हैदराबादजवळील 'इक्रिसॅट' संस्थेने पाठविलेले ज्वारी, बाजरी, तूर आणि हरभऱ्याचे वाण तेथे सुरक्षित आहेत. पर्यटकांना आत प्रवेश नाही. प्रवेशद्वार बाहेरून पाहता येते.

खर्च आणि पर्याय

दिवसभराच्या सहलीसाठी माणशी साधारण पंचवीस ते चाळीस हजार रुपये मोजावे लागतात. एका वाहनावर दोघे बसल्यास दर कमी होतो. विमानभाडे आणि निवास वेगळा. ज्यांना केवळ अनुभव घ्यायचा आहे, त्यांना काश्मीरमधील गुलमर्ग येथे बर्फावरील स्कूटरची फेरी पुष्कळ कमी खर्चात मिळते. मात्र ती काही मिनिटांची फेरी असते, दिवसभराचा प्रवास नव्हे.

एक बाब ध्यानात ठेवायला हवी. स्वालबार्ड जगाच्या सरासरीपेक्षा सहा ते सात पटींनी वेगाने तापत असून २५ जुलै २०२० रोजी तेथे २१.७ अंश सेल्सिअस या विक्रमी तापमानाची नोंद झाली. पर्यटकांना घेऊन येणारी विमाने आणि पेट्रोलवरील वाहने या तापमानवाढीत भर घालतात. विजेवर चालणाऱ्या स्नोमोबाईल तेथे आता उपलब्ध असून छोट्या सहलींसाठी त्यांचा विचार करता येईल. जाण्याचे ठरविल्यास मार्च-एप्रिलसाठी काही महिने आधी नोंदणी करावी, व्हिसासाठी पुरेसा अवधी ठेवावा आणि मुक्कामात एक-दोन दिवस राखीव धरावेत. वाऱ्यामुळे सहल रद्द होणे तेथे नित्याचेच आहे आणि अशा वेळी वाटाड्याने दिलेला नकार मुकाट्याने मानण्यातच पर्यटकाचे हित आहे.