कशेडीच्या अलीकडे की पलीकडे?

फोन घरीच ठेवा, तुम्ही चाललात तिथून तो कुणाला लागायचा नाही. १७ मे १९७८, बुधवार, पहाटेचे साडेचार. दादरच्या हिंदू कॉलनीत काकांच्या फियाटच्या टपावर होल्डॉल चढलेत, पुढच्या बंपरला पाण्याची छागल लटकतेय आणि काकू जिन्यातूनच विचारतायत, “दशम्यांचा डबा कुणी घेतला?” डबा तुमच्या मांडीवर येतो. आता सावंतवाडीपर्यंत तो तुमचाच.

सावंतवाडी पाचशे किलोमीटरच्या आसपास. कोकणात रेल्वे यायला अजून वीस वर्षं आहेत. रस्ता इतका अरुंद, की समोरून ट्रक आला की आपलं एक चाक मातीत उतरवायचं. वेग ताशी चाळीस मिळाला तर काका खूष. म्हणून आजचा मुक्काम लांज्याला, काकूंच्या मावसभावाकडे, आणि दुपारचं जेवण चिपळूणला.

हे चिपळूण पंधरा दिवसांपूर्वीच ठरलंय, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयसमोर उभं राहून. पाच वर्षांपूर्वी निघालेलं ते कॅलेंडर एवढ्यात घरोघरच्या भिंतीवर जाऊन बसलंय. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. खाडीकाठच्या गावात जेवायचं आणि पानात मासा नाही, हे काकांना मंजूर नव्हतं. उरलेल्या वारांत त्यांच्या रजेला जमला तो बुधवार. मग चिपळूणला ओळखीतून जेवण देणाऱ्या वहिनींना कार्ड गेलं: बुधवारी दुपारी दीडच्या सुमारास येतो, मोठी चार, लहान दोन. चार दिवसांनी उलट टपाली उत्तर आलं, या. बुकिंग झालं.

गाडी निघते. पुढचं सीट सलग आहे आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, त्यामुळे काकांच्या शेजारी तुम्ही आणि दोघांच्या मध्ये धाकटा बंड्या. पट्टा शोधू नका, पट्टे नाहीत. मागे आजी, काकू आणि खिडकीसाठी भांडणारी मोठी. वाशीचा पूल १९७३ साली झाला. त्याआधी ठाणे-कळवा-मुंब्रा असा वळसा घालून पनवेल गाठताना ऊन वर यायचं आणि पहिला डबा पनवेललाच उघडायचा. पुलानं कोकणात जाणाऱ्यांची न्याहारी पन्नासेक किलोमीटर पुढे ढकलली, हे कुठल्याही सरकारी अहवालात सापडणार नाही. समोरून आंब्याचे ट्रक येताहेत, रात्रभर चालून क्रॉफर्ड मार्केटकडे निघालेले. काचा खाली आहेत. प्रत्येक ट्रकबरोबर पेंढ्याचा आणि हापूसचा वास आत येतो आणि जातो.

कर्नाळ्याचा सुळका उजाडताना दिसतो. पेणच्या पुढे मिठागरं, वडखळ नाक्यावर अलिबागचा फाटा. नागोठण्याच्या पुढे रस्त्याकडेला आंब्याचं झाड बघून काका थांबतात. झाड नुसतं दाट असून भागत नाही. गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घेता आली पाहिजे आणि मागे आडोसा पाहिजे.

डबा उघडा. दशम्या दुधात भिजवलेल्या, त्या दोन दिवस टिकतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, साखरांबा. एक डबा मात्र काकू उघडू देत नाहीत. त्यात दूधभात आहे, पहाटे चमचाभर दह्याचं विरजण लावलेला. बाराच्या सुमारास तो आपोआप दहीभात होईल, आंबट न होता. गाडी बंद पडली, टायर फुटला, चिपळूण हुकलं, तर हा. नीट आखलेल्या प्रवासात असा एक डबा असतो, आणि तो न उघडता घरी आला तर प्रवास चांगला झाला म्हणायचं.

“अजून एक पुरी?” तुम्ही विचारता.

“नको बाळा. पुढे कशेडी आहे.”

आखणीचा सगळा कणा हा घाट आहे. पोलादपूर सोडलं की चढ लागतो, आणि खेडच्या बाजूला उतरेपर्यंत वळणांवर वळणं. अलीकडे पोटभर जेवलात तर पलीकडे पोचेपर्यंत ते पोटात राहील याची खात्री नाही, मग पोरांची तर नाहीच. उपाशी चढलात तरी मळमळतं. म्हणून अलीकडे अर्धं पोट, घाटात आवळासुपारी आणि हुंगायला लिंबू, पलीकडे जेवण. इंजिनाचंही असंच. ऊन तापायच्या आत ते माथ्यावर गेलं पाहिजे. माणसं आणि रेडिएटर, दोघांचं पथ्य सांभाळून जी वेळ निघते, ती जेवणाची वेळ.

दहाच्या सुमारास महाड. एसटी स्टँडवर पाच मिनिटं. कोका-कोला गेल्या वर्षी देश सोडून गेलाय, बर्फाच्या पेटीत गोल्ड स्पॉट आहे आणि नवा थम्स अप. बंड्याला दोन्ही पाहिजेत, घाटाच्या नावाखाली एकही मिळत नाही. रस्त्यावर एकदोन घरांवर ‘घरगुती जेवण’ अशी पाटी दिसते आणि तुम्हाला वाटतं, इथंच का नको? अशा दारात पहिला प्रश्न पुष्कळदा आडनावाचा असतो. स्टँडवरच्या कँटीनमध्ये तो नसतो. तिथं राइस प्लेट मागितली की राइस प्लेट येते. ज्या तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, ते चवदार तळं याच गावात आहे. त्याला एक्कावन्न वर्षं झालीत. चिपळूणला आपलं पान वाढलं जाणार आहे तेही ओळखीपाळखीतून, म्हणजे फिरून आडनावावरच. काकांना हे कळतं का, माहीत नाही. कँटीनचं जेवण त्यांना ‘पाणचट’ वाटतं, एवढंच ते बोलतात.

महाडच्या पुढे सावित्रीचा पूल. १९२८ चा, दगडी कमानींचा, ऐन पन्नाशीतला. बंड्या खाली पाण्याकडे बघून हात हलवतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात हा पूल एसटीच्या दोन गाड्या आणि आतल्या माणसांसकट जाणार आहे, हे या गाडीत एकट्या तुम्हाला माहीत आहे. सांगून कुणाचा विश्वास बसायचा नाही. पूल मागे पडतो. काकू लिंबं काढून ठेवतात.

घाटात फियाट दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढते. अर्ध्यावर काटा लाल रेघेकडे जातो. बॉनेट उघडून वीस मिनिटं थांबायचं, मग झाकणावर ओलं फडकं धरून छागलीतलं पाणी हळूहळू ओतायचं. ही वीस मिनिटं काकांच्या वेळापत्रकात आधीच धरलेली आहेत, म्हणून कुणी वैतागत नाही. दरीत करवंदीच्या जाळ्या. मोठीचा फ्रॉक डागांनी भरतो. माथ्यावर कुलाबा जिल्हा संपून रत्नागिरी सुरू होतो आणि आजी हात जोडतात. इथून थेट बांद्यापर्यंत एकच जिल्हा. १९८१ उजाडलं की कुलाब्याचा रायगड होईल, त्याच वर्षी मे महिन्यात रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघेल. काही बोलू नका, आजींना आवडायचं नाही.

खेड मागे टाकून परशुराम घाट. खाली वाशिष्ठी, नारळाच्या झावळ्यांत बुडालेलं चिपळूण, पलीकडे सह्याद्रीची भिंत. काका गाडी हळू करतात, थांबवत नाहीत. एक वाजून गेलाय.

घर कौलारू. ओटीवर बसता बसता तुमच्या लक्षात येतं, की काकू आणि आजी ओटीवर थांबल्याच नाहीत. मोठीला घेऊन त्या सरळ मागीलदारी गेल्या. विहीर, न्हाणीघर, कडी लागणारं दार. नागोठण्यापासून, खरं तर दादरपासून, या तिघींनी पाणी घोटाघोटानं का प्यायलं, ते आत्ता कळतं. पुरुष कुठंही थांबतात. मुंबई-गोवा रस्त्यावर बाईमाणसानं थांबावं अशी जागा शोधायची तर ती कुणाच्या तरी घरात शोधावी लागते. मासे, वार, घाट, सगळं खरंच, पण कालनिर्णयसमोर उभं राहून काकूंनी नजरेसमोर आणली ती ही कडी. काका आजही सगळ्यांना सांगतात, की चिपळूण त्यांनी ठरवलं.

पानं मांडलीत. तांदळाची भाकरी, उकड्या तांदळाचा भात, कोलंबीची आमटी, तळलेली बोय, ओल्या काजूची उसळ, सोलकढी. मोठा मासा नाही म्हणून वहिनी हळहळतात. पौर्णिमेला पाच दिवस आहेत, भांगाचं पाणी, जाळ्याला काही लागत नाही. वार बघताना काकूंनी तिथीही बघायला हवी होती, असं काका म्हणतात. “मग तुम्हीच बघायची होतीत,” आजी भाताचा घास कालवता कालवता म्हणतात, आणि काका आमटी वाढून मागतात. शेवटी अढीतला हापूस, कापून नाही, पिळून. दुसऱ्यांदा भात घ्या. लांज्यापर्यंत आता मोठा घाट नाही.

पैसे घ्यायला वहिनी आढेवेढे घेतात, मग घेतात. बडीशेप चघळत काकू परतीचं काढतात. “आम्ही एकोणतीसला निघू.”

“सोमवार,” वहिनी लगेच म्हणतात.

“त्यापेक्षा महाडला कँटीनलाच खाऊ की,” काका चप्पल घालता घालता.

“आणि आईंना कुठं नेणार?”

काका क्षणभर वहाणेचा अंगठा नीट करतात. “डाळिंब्या कराल का, वहिनी?”

“करते की. कार्ड तेवढं टाका.”