जलसंतुलन, खेळाडूंचे (हिंगोली जिल्हा)

जलसंतुलन, खेळाडूंचे : व्यायामात घाम, श्वास आणि लघवी यांवाटे जाणारे पाणी व क्षार वेळच्या वेळी भरून काढून शरीरातील द्रव योग्य पातळीवर ठेवणे. ही नोंद प्रामुख्याने हिंगोली जिल्ह्यातील धावपटू, भरतीचे उमेदवार, मल्ल आणि शरीरसौष्ठवपटू डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. ‘रोज किती लिटर?’ या प्रश्नाला सगळ्यांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. तसे ठणकावून सांगणाऱ्या प्रशिक्षकावर विसंबू नये.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांची व पैनगंगेवरील इसापूर धरणाची नावे पाण्याच्या चर्चेत नेहमी येत असली, तरी एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा गावोगावची भिस्त विहीर, बोअर आणि विकतच्या जारवर असते. जिल्ह्याच्या ठिकाणी राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्र. १२ आहे. भरतीचे आकर्षण इथे मोठे असण्याचे ते एक कारण. या दलाच्या शारीरिक चाचणीत ५ किमी धावण्याला १०० पैकी ५० गुण असतात. जिल्हा पोलीस शिपाई पदासाठी पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. त्यामुळे जिल्ह्यातील ‘खेळाडू’ मोजायचे तर पदकांच्या यादीपेक्षा पहाटे रस्त्याकडेने पळणाऱ्या पोरापोरींकडे आधी पाहावे लागते.

शरीरक्रिया : प्रौढ पुरुषाच्या वजनात साधारण ६० टक्के पाणी असते. स्नायूंत ते सुमारे ७५ टक्के, चरबीत फार थोडे. व्यायामात निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक लिटर घाम वाळताना जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र घाम वाळला पाहिजे. नुसता निथळला तर पाणी जाते आणि अंग तापलेलेच राहते. म्हणून जूनमधल्या पावसाळी दमट हवेत केलेला सराव मेमधल्या कोरड्या पहाटेपेक्षा जड जाऊ शकतो.

घामाचा वेग तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक असतो. त्याच्याबरोबर मुख्यतः सोडियम जाते. टोपीवर, बनियनवर पांढरे डाग पडणाऱ्याचे मीठ इतरांपेक्षा जास्त जाते. शरीराचे वजन पाण्यापायी २ टक्क्यांहून अधिक घटले की दमसास कमी होतो, नाडी वाढते आणि तेवढाच वेग राखायला जास्त जोर लागतो. उन्हात हे लवकर जाणवते.

मापन : महागड्या उपकरणाची गरज नाही, वजनकाटा पुरतो. ६८ किलोच्या उमेदवाराने दीड तास सराव केला, मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायले आणि अंग पुसून काट्यावर उभा राहिला तर वजन ६६.९ भरले, असे समजू. घट १.१ किलो. त्यात प्यायलेले अर्धा लिटर मिळवले की घाम झाला १.६ लिटर, म्हणजे तासाला लिटरभराहून किंचित जास्त. घट झालेल्या दर किलोमागे सव्वा ते दीड लिटर द्रव पुढच्या काही तासांत प्यावे, कारण प्यायलेल्यातले काही लघवीवाटे जातेच. या उमेदवाराला सुमारे दीड लिटर लागेल. ते एका दमात नव्हे, जेवणासोबत आणि थोडे थोडे. सरावापूर्वी दोन ते चार तास आधी दर किलो वजनामागे ५ ते १० मिलिलिटर प्यावे, असा मान्य संकेत आहे. सकाळची पहिली लघवी गडद पिवळी, तहान आणि कालच्यापेक्षा घटलेले वजन, या तिन्ही खुणा एकत्र आल्या तर आदल्या दिवशीची भरपाई अपुरी राहिली असे समजावे.

प्रकार किती वेळ चालतो, यावर पुष्कळ काही ठरते. बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळेने २०२४ मध्ये ३००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम ८ मिनिटे ९.९१ सेकंद असा केला. एवढ्या शर्यतीत मध्ये पाणी पिण्याचा प्रश्नच येत नाही. जे काही करायचे ते आदल्या दिवशी आणि सकाळी. १६०० मीटरलाही हेच लागू. तरी मैदानात शिट्टी वाजण्यापूर्वी बाटली रिकामी करणारे उमेदवार दिसतात आणि पहिल्याच फेरीत त्यांच्या पोटात पाणी डचमळते. मॅरेथॉनचे गणित निराळे. शेजारच्या परभणीच्या ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या. तीन तासांच्या आसपास चालणाऱ्या अशा शर्यतीत पाण्याचे थांबे हा डावपेचाचाच भाग असतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिक मॅरेथॉननंतर भारताच्या ओ. पी. जैशा कोसळल्या. वाटेत आपल्या बाजूने पाणी मिळाले नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ॲथलेटिक्स महासंघाने ते नाकारले. त्या वादात कोण खरे होते यापेक्षा, शर्यतीत काय, कुठे आणि किती प्यायचे हे आधीच ठरलेले असायला हवे, हा मुद्दा महत्त्वाचा होता आणि तोच मागे पडला.

काय प्यावे : तासाभराच्या आतील व्यायामाला साधे पाणी पुरे. त्याहून लांब किंवा उन्हातल्या सरावाला मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी, पन्हे, व्यायामानंतर मीठ घातलेले ताक किंवा ज्वारीची आंबील ही घरची पेये चांगलीच कामाची आहेत. ताकात पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम आणि थोडी प्रथिनेही मिळतात. गेटोरेड हे पेय १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात फुटबॉलपटूंसाठी तयार झाले. तिथून निघालेल्या बाटलीबंद पेयांचा भाव जिल्ह्यातल्या बहुतेक खेळाडूंच्या खुराकाच्या हिशेबात बसत नाही आणि त्यावाचून फारसे अडतही नाही. ओआरएस ही मुळात अतिसारावरची योजना. १९७१ च्या बांगलादेश युद्धातील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिची ताकद दाखवून दिली. आजच्या प्रमाणित मिश्रणात लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. भरपूर घाम गेल्यावर ते चालते, पण पुडी सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच घालावी. ग्लासभर पाण्यात अख्खी पुडी ओतणे हा अपाय आहे.

पाण्याच्या प्रतीचाही विचार हवा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅम आहे, नायट्रेटची ४५. ही मापे सामान्य माणसाच्या पिण्यावर बेतलेली आहेत. रोज पाच-सहा लिटर बोअरचे पाणी पिणाऱ्या मल्लाच्या पोटात तोच दोष दुपटीने जातो. तालमीच्या बोअरचे पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घेणे हा फार मोठा खर्च नव्हे.

अतिसेवन : जास्त पाण्याचेही मरण असते. रक्तातील सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली गेले की डोकेदुखी, उलटी, गोंधळ आणि पुढे मेंदूला सूज येते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी सुमारे १३ टक्क्यांत हे प्रमाण घटलेले आढळले आणि त्याच शर्यतीतील एका धावपटू स्त्रीचा याच कारणाने मृत्यू झाला. धावताना वजन वाढले तर पिणे जास्त झाले, हा साधा निकष.

कुस्ती आणि वजनगट : इथे पाणी शत्रू ठरते. अंगात दोन-तीन जर्किन चढवून उन्हात पळायचे, जेवण तोडायचे, थुंकत राहायचे आणि काट्यावर उतरायचे, ही रीत तालमीत नवी नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत महिन्याभरात तीन महाविद्यालयीन मल्ल असेच वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर तिथे रबरी पोशाख आणि वाफेच्या खोल्या यांवर बंदी आली आणि हंगामाआधी लघवीची घनता तपासणे सक्तीचे झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगट ५० किलो गटात १०० ग्रॅम जास्त भरल्याने अंतिम फेरीतून बाद झाली आणि तिला पाणी घटल्यामुळे उपचार घ्यावे लागले. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने कांस्यपदकाच्या कुस्तीआधी सुमारे दहा तासांत ४.६ किलो उतरवले. या दुसऱ्या कथेचे कौतुक फार झाले; तरुण मल्लांसाठी ते धोक्याचे कौतुक आहे, कारण अमनच्या मागे वैद्यकीय पथक होते. पूर्वी वजन आदल्या संध्याकाळी होई. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय कुस्तीत ते लढतीच्या सकाळी होते, त्यामुळे गेलेले पाणी भरायला जेमतेम काही तास उरतात. जिल्हा निवड चाचणीला जाणाऱ्या शाळकरी मल्लाने वजन उतरवण्याऐवजी वरच्या गटात लढावे.

शरीरसौष्ठव : ‘महाराष्ट्र श्री’सारख्या स्पर्धांत वजनगट असतात आणि वर कातडीखालचे स्नायू उठून दिसायचे असतात. त्यासाठी शेवटच्या आठवड्यात आधी रोज सात-आठ लिटर किंवा त्याहून अधिक पाणी, मग मीठ बंद, मग पाणीही बंद, असा क्रम जिममध्ये एकाकडून दुसऱ्याकडे चालत येतो. त्यामागची समजूत अशी की कातडीखालचे पाणी निघून जाईल आणि स्नायूंतले राहील. शरीर असा भेद करत नाही. एकूण पाण्याचा मोठा भाग पेशींच्या आत, म्हणजे मुख्यतः स्नायूंतच असतो. पाणी तोडले की रक्तद्रव घटतो आणि ज्या फुगीर शिरांसाठी एवढी तपश्चर्या केली त्याच बसतात. स्नायूंत साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधले जाते; पाणीच नसेल तर शेवटच्या दिवशी खाल्लेला भात आणि रताळी स्नायू भरत नाहीत. मीठ एकदम बंद केल्यावर अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढून मूत्रपिंड उलट सोडियम धरून ठेवते. स्टेजवर ‘सपाट’ दिसलेले अनेक जण चरबीमुळे नव्हे, तर या शेवटच्या उपद्व्यापामुळे सपाट दिसतात.

खरा धोका लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा. त्या घेतल्यावर पोटॅशियम गोळीच्या प्रकारानुसार कोसळते किंवा चढते; दोन्हींत हृदयाची लय बिघडते. १९९२ मध्ये स्पर्धेनंतर काही तासांत मरण पावलेला मोहम्मद बेनअझिझा आणि १९९६ मध्ये गेलेला अँड्रियास म्युन्झर ही जगभर ठाऊक असलेली उदाहरणे. अशा गोळ्या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत कायम बंदीत आहेत, कारण त्या इतर औषधांच्या खुणाही लपवतात.

जिममध्ये घेतल्या जाणाऱ्या क्रिएटिन या पूरकामुळे पहिल्या आठवड्यात एक-दोन किलो वजन वाढते. ते स्नायूंत धरलेले पाणी असते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

सलाईन : थकवा आला की दवाखान्यात ‘एक सलाईन लावा’ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. स्पर्धक खेळाडूने हे विसरू नये की बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेवाटे घेणे उत्तेजकविरोधी नियमाने निषिद्ध आहे. रुग्णालयातील खरेखुरे उपचार, शस्त्रक्रिया आणि रोगनिदानाच्या तपासण्या एवढाच अपवाद. ज्याला तोंडाने पिता येते त्याला सलाईनची गरजही नसते.

उष्माघात : ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये झारखंडातील शिपाई भरतीत १० किमी धावताना दहाहून अधिक उमेदवार दगावले, कारणांवर वाद झाला, पण नंतर धावणे सकाळच्या वेळात आणावे लागले. पुरेसे पाणी प्यायलेल्यालाही उष्माघात होऊ शकतो. पळताना कुणी बरळू लागला, तोल जाऊन पडला आणि अंग भाजत असेल, तर तोंडात पाणी ओतू नये. कपडे सैल करून त्याला ताबडतोब मानेपर्यंत हौदात किंवा टाकीत बसवावे, डोके वर धरून ठेवावे. हौद नसेल तर पंपाचे गार पाणी सतत अंगावर सोडावे. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. आधी थंड करणे, मग हलवणे, हाच क्रम पाळावा.